सिमेंटचा पत्रा आणि तीन पायऱ्या

(वस्तीतल्या तरुणांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच ठेवला आहे. साल आणि आकडे तेवढे छापताना तपासून घातले.)



मला कवी म्हणून बोलावलंय. मागच्या वेळी कविता वाचली. टाळ्या पडल्या, आणि टाळ्या वाजवून सगळे त्याच फुटक्या गटारावरून उड्या मारत घरी गेले. म्हणून आज कविता नाही. आज पत्र्यावर बोलायचं आहे. आपल्या डोक्यावरच्या पत्र्यावर.

तुम्हाला माहीतच आहे, नाक्यापलीकडच्या शाळेचं काम काढलंय. जुनी पत्र्याची शेड पाडायची, नवीन खोल्या बांधायच्या आणि दाराशी रॅम्प करायचा. अपंग पोरांना आत जाता यावं म्हणून. कागदावर वाचलं तर डोळ्यात पाणी येईल इतकं चांगलं काम! आता प्रत्यक्षात काय चाललंय ते बघा. शेडचे पत्रे सिमेंटचे, करड्या रंगाचे, नागमोडी. नाक्यावरचे चार गडी आणि दोन बाया घणाने ते पत्रे फोडतायत. तोंडाला फडकं. बाया फुटलेले तुकडे घमेल्यात भरून डोक्यावरून नेतायत. पिठासारखी धूळ उडते आणि दहा हातांवर वर्ग चालू आहे. पोरं दोन एके दोन म्हणतायत आणि श्वासाबरोबर ती धूळ ओढतायत. मोठे तुकडे आपल्याच लोकांनी उचलून आणलेत. कुणी मोरीवर टाकलेत, कुणी कोंबड्यांच्या खुराड्यावर. फुकटचा पत्रा कोण सोडतो?

या पत्र्याला आपण सिमेंटचा पत्रा म्हणतो. त्याचं पूर्ण नाव अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंट. अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे एक दगड. पण हा दगड कापसासारखा पिंजता येतो. जळत नाही, सडत नाही, गंजत नाही. पिंजलेले धागे सिमेंटात कालवले की पातळ पत्रा मजबूत होतो, पाईप मजबूत होतो. मोटारीच्या ब्रेकला तोच, बॉयलरच्या वेष्टणाला तोच, जहाजाच्या इंजिनखोलीतही तोच. भांडवलदाराला असला माल म्हणजे वरदान. स्वस्त आणि मरण नसलेला.

मरण नाही, हीच त्याची खोड. पत्रा फुटला, घासला, करवतीने कापला की धागे सुटतात. केसाच्या कितीतरी पट बारीक, डोळ्याला दिसत नाहीत. वास नाही, खोकला नाही, डोळ्याची आग नाही. मिरचीची धूळ बरी म्हणायची, निदान शिंक तरी येते. हे धागे नाकातून थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात आणि तिथे सुईसारखे रुतून बसतात. शरीरातल्या पेशी त्यांना गिळायला जातात आणि स्वतःच मरतात. धागा विरघळत नाही. त्याच्याभोवती वण धरतो, वणावर वण. फुफ्फुस हळूहळू वाळक्या चामड्यासारखं ताठ होतं. त्याला अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणतात. बरा होत नाही. याच धुळीने फुफ्फुसाचा कॅन्सर होतो आणि फुफ्फुसाच्या आवरणाचाही होतो. आवरणाच्या कॅन्सरचं नाव मेसोथेलिओमा. धूळ आत गेल्यापासून तो वर यायला वीस, तीस, चाळीस वर्षं लागतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, पांढरा, निळा, तपकिरी, सगळ्या जातींचा अ‍ॅस्बेस्टॉस माणसाला कॅन्सर करतो. धंदेवाले अजून म्हणतात पांढरा सोवळा आहे. दगडातसुद्धा यांना सोवळंओवळं सापडतं!

वीस-तीस वर्षं लागतात हे ध्यानात धरा. सगळी मेख तिथे आहे. आज पत्रा फोडणारा गडी आज पडत नाही. संध्याकाळी मजुरी घेतो, पावशेर मटण घेतो, घरी जातो. तो पडेल तेव्हा मुकादम नसेल, ठेकेदाराने कंपनीचं नाव बदललेलं असेल, इंजिनीयर पेन्शनीत निघालेला असेल. दवाखान्यात केसपेपरवर लिहितील टीबी. आपल्या माणसाच्या छातीत दुसरं काही असू शकतं हे डॉक्टरला सुचतच नाही. टीबीच्या गोळ्या खात खात माणूस संपतो आणि शेजारी म्हणतात, बिड्या फार ओढायचा.

गोदीत मी आता कंटेनरचा जमाना बघतोय. पण जुने, रिटायर झालेले टोळीवाले सांगतात, पूर्वी पोत्यातून माल यायचा. पांढरं, लोकरीसारखं. आकडा मारला की पोतं फाटायचं आणि अंगावर बर्फ पडल्यासारखं व्हायचं. त्याच पोत्यांवर बसून भाकरी खायचे, दुपारी आडवे व्हायचे. मऊ लागायचं म्हणतात. त्यांतले किती कशाने गेले, कुणी मोजलं? ज्यांना मोजायचं होतं त्यांनी मोजलं. न्यूयॉर्कमध्ये डॉक्टर सेलिकॉफने १९६४ साली वेष्टण बसवणाऱ्या कामगारांची मोजदाद छापली आणि अमेरिका हादरली. मुंबईत घाटकोपरच्या एका जुन्या कारखान्यातले १८१ कामगार तपासले गेले, त्याचा अभ्यास २००५ साली छापून आला. पाचात एकाहून जास्त कामगारांना अ‍ॅस्बेस्टॉसिस निघाला. तेही कधी? कामगारांनी आणि त्यांच्या बाजूच्या दोन-चार डॉक्टरांनी स्वतः उठून तपासणी केली तेव्हा.

हे कळायला उशीर झाला म्हणाल, तर तसंही नाही. इंग्लंडच्या सरकारी कारखाना निरीक्षकाने १९३० साली अहवाल दिला की या धुळीने कामगारांची फुफ्फुसं जातायत. १९३१ साली तिकडच्या कारखान्यांना नियम लागले. तेव्हा राज्य त्यांचंच होतं आपल्यावर. नियम बोटीत बसून इकडे आले नाहीत. पत्र्याचे कारखाने मात्र आले, त्याच दशकात. इंग्लंडने निळा आणि तपकिरी १९८५ साली बंद केला, पांढरा १९९९ साली. युरोपात २००५ सालापासून पूर्ण बंदी. जपानने २००६ पासून बंदी घातली, ब्राझीलच्या सर्वोच्च कोर्टाने २०१७ साली, कॅनडाने २०१८ साली. अमेरिकेनेसुद्धा पांढऱ्यावरचा बंदीहुकूम २०२४ साली काढला. इतकी वर्षं लोटली तरी इंग्लंडात आजही मेसोथेलिओमाने वर्षाला दोन हजारांवर माणसं मरतात. धागा किती दम धरून बसतो बघा.

आणि आपण? आपल्या सरकारने १९८६ सालापासून खाणींचे नवे परवाने बंद केले, १९९३ पासून जुन्यांचं नूतनीकरण बंद केलं. म्हणजे जमिनीतून काढायचा नाही. पण बाहेरून आणायला, पत्रे बनवायला, विकायला, गरिबाच्या डोक्यावर चढवायला परवानगी! दरसाल लाखो टन येतो, त्यातला मोठा भाग रशियातून. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९८६ साली अ‍ॅस्बेस्टॉसबद्दल करार केला, त्यावर भारताने सही केलेली नाही.

कोर्टाचंही सांगतो. २७ जानेवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने मोठा निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्याने प्रत्येक कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून चाळीस वर्षं किंवा नोकरी संपल्यावर पंधरा वर्षं, जे नंतर येईल तोवर ठेवायची. रोग निघाला तर एक लाख रुपये भरपाई. चांगला निकाल, मी वाकडं बोलणार नाही. पण तो मस्टरवरच्या कामगाराचा निकाल आहे. नाक्यावरच्या माणसाची चाळीस वर्षांची नोंद कोण ठेवणार? त्याच्या कालच्या हजेरीची नोंद नाही! पुढे २०११ साली बंदी मागणारी याचिका त्याच कोर्टाने फेटाळली.

आता मला सांगा, घण मारणारे कोण आहेत? जालन्याचे, नांदेडचे, लातूरचे. बौद्ध, मातंग, वडार, पारधी. गावाला पाणी नाही म्हणून आलेले. हा योगायोग आहे का? जुन्या माणसांना ठाऊक आहे, मुंबईच्या गिरण्यांत साच्याखात्यात आपल्या माणसाला घेत नव्हते. का, तर धोट्यातला धागा तुटला की तो तोंडाने ओढावा लागायचा. आपली थुंकी लागलेला धागा सवर्ण विणकराच्या तोंडाला कसा चालेल? विणकराला पगार जास्त, म्हणून बाटण्याचं भय आणि पोटाचा स्वार्थ एकाच धाग्यात ओवलेले. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर मारला होता. तो सुताचा धागा आपल्या ओठाला लागू दिला नाही. आणि हा दगडाचा धागा? हा खुशाल आमच्या छातीत जाऊ द्या! याला विटाळ नाही. या खात्यात आमचं शंभर टक्के आरक्षण आहे, जात पडताळणी न करता.

कुणी म्हणेल, पत्रा पाडायचाच आहे तर काय करायचं, हवेतून उतरवायचा? होय, जवळजवळ तसंच. इंग्लंडात जुनी इमारत पाडायची किंवा फोडफाड करायची म्हटली की आधी तपासणी होते. शिकलेला माणूस येतो, छत, पाईप, फरशी, वेष्टण, भिंतीचे पडदे, सगळीकडून चिमूट चिमूट नमुना घेतो. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही, कारण आता बिनअ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रेही तसेच दिसतात. मग कुठे काय आहे याचा कागद होतो, आणि तो पाडणाऱ्याच्या हातात दिल्याशिवाय घण उचलायचा नाही. पत्रा फोडायचा नाही. पाणी मारून भिजवायचा, नट सोडवायचे, अख्खा खाली घ्यायचा, जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळायचा, वर धोक्याची चिठ्ठी लावायची. काम करणाऱ्याला बारीक धूळ अडवणारा खास मास्क आणि काम झाल्यावर टाकून द्यायचा पोशाख. कपडे घरी न्यायचे नाहीत, कारण नवऱ्याचे कपडे धुवून बायका मेल्याची उदाहरणं तिकडे लिहून ठेवलेली आहेत. ब्रुसेल्स शहरात बर्लेमाँ नावाची इमारत आहे, युरोपच्या बड्या साहेबांचं कार्यालय. अ‍ॅस्बेस्टॉस निघाला म्हणून १९९१ साली सगळे साहेब बाहेर काढले. साफसफाई आणि दुरुस्ती होऊन परत आले २००४ साली. तेरा वर्षं! आणि आपल्या शाळेची पोरं तेरा दिवससुद्धा दुसरीकडे बसवली नाहीत.

आपल्याकडे साधी इमारत पाडण्याआधी अ‍ॅस्बेस्टॉस शोधा असं बजावणारा तिकडच्यासारखा वेगळा कायदा नाही. कारखान्यातल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या टाकाऊ मालाला २०१६ च्या नियमांत घातक कचरा म्हटलंय. तोच माल शाळेच्या छपरावरून खाली आला की त्याला रॅबिट म्हणतात आणि खड्डे भरायला वापरतात.

आता रॅम्पकडे येतो. मला ठाऊक आहे, काही पोरं कुजबुजतायत, हा अपंगांचं काय घेऊन बसला, आपले प्रश्न काय कमी आहेत? त्यांना सांगतो, हा आपलाच प्रश्न आहे. बिगारीत पाय तुटतो तो कुणाचा? भट्टीत, गोदीत, रुळावर हात जातो तो कुणाचा? गटारात उतरून डोळे जातात ते कुणाचे? अपंगत्व काय आभाळातून पडतं? आपल्याकडे ते कामावरून घरी येतं.

२०१६ साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्याचं ४४ वं कलम सांगतं की नियमाप्रमाणे सोय नसेल तर इमारतीच्या नकाशाला मंजुरी द्यायची नाही आणि पुरी झाल्याचा दाखलाही द्यायचा नाही. ४५ वं कलम म्हणतं, जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुधारून घ्या. नियम निघाले जून २०१७ मध्ये. पाच वर्षं जून २०२२ ला संपली. तुमच्या माहितीतलं एक पोलीस ठाणं, एक रेशन ऑफिस, एक दवाखाना सांगा की जिथे चाकाच्या खुर्चीवरचा माणूस कुणी उचलल्याशिवाय साहेबाच्या टेबलापर्यंत जातो. राजीव रतुरी नावाच्या एका अंध माणसाने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला होता. २०१७ साली निकाल मिळाला, पण अंमल होईना. ८ नोव्हेंबर २०२४ ला कोर्टाने पुन्हा निकाल दिला. सरकारचा नियम क्रमांक १५ नुसत्या सूचना सांगतो, सक्ती करत नाही, म्हणून तो मूळ कायद्यालाच सोडून आहे असं म्हटलं आणि तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा असा हुकूम दिला. म्हणजे सात वर्षांहून जास्त काळ सरकारने कायद्याला नियमाची खुंटी मारून ठेवली होती.

आणि आपल्या शाळेचा रॅम्प? मी टेप घेऊन मोजला. तीन पायऱ्या, मिळून दीड फूट उंची. हिशेब सोपा आहे, एक फूट चढायला बारा फूट लांबी. म्हणजे अठरा फूट रॅम्प पाहिजे, बाजूला कठडा, खाली-वर सपाट जागा. यांनी केलाय पाच फुटांचा! चाकाची खुर्ची राहू द्या, त्यावरून हातगाडी चढत नाही. घसरगुंडी आहे ती, आणि घसरून पोचायचं कुठे, तर थेट गटारात. वर दार अडीच फुटी. चाकाची खुर्ची आरामात जायला तीन फूट लागतात. संडासात खुर्ची वळायला पाच फुटांची मोकळी जागा लागते, तिथे झाडू-बादल्या ठेवल्यात. तरी भिंतीवर निळा बोर्ड लागला, खुर्चीचं चित्र काढलेला. फोटो निघाला. फाईलमध्ये ‘सोय केली’ अशी टीप पडली. आपल्या गल्लीतली एक पोरगी, पायाने अधू, रोज आजीच्या कडेवरून शाळेत जाते. ती सातवीला पोचेल तेव्हा आजीची कंबर राहील का?

म्हणजे एका कामाला दोन कागद लागतात. एक, माणूस आत जाऊ शकतो याचा. दुसरा, आत गेलेला माणूस मरणार नाही याचा. पहिला कागद खोटा आहे. दुसरा छापलेलाच नाही.

आणि ही गंमत ऐका. २०१६ च्या कायद्याला अपंगत्वाची यादी जोडलीय, एकवीस प्रकारांची. त्यात अंधत्व आहे, कुष्ठातून बरा झालेला आहे, सिकल सेल आहे, अ‍ॅसिड हल्ल्याची बाई आहे. सगळे पाहिजेतच. पण ज्याचं फुफ्फुस दगड झालं, जो दहा पायऱ्या चढून कठडा धरून उभा राहतो, तो त्या यादीत नाही. अ‍ॅस्बेस्टॉसिस व्यवसायाच्या रोगांच्या यादीत आहे. पण तिथे भरपाई मागायची तर मालक दाखवावा लागतो. एका यादीत छाती नाही, दुसऱ्या यादीत बसायला मालक नाही. मध्ये पडलेल्या फटीत आपला माणूस दम लागून बसलाय.

हे फक्त एका शाळेपुरतं नाही. सगळी मुंबई पाडायला काढलीय. बीडीडी चाळी घ्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग. शंभर वर्षांच्या चाळी. १९७४ साली याच वरळीत दगड-सोडावॉटरच्या बाटल्या आणि पोलिसांच्या लाठ्या खाऊन आपल्या पोरांनी ‘पँथर’ शब्दाला अर्थ दिला, त्याच महिन्यात परळला मोर्चात भागवत जाधव गेला. तिथे आता चाळीस मजली मनोरे उभे राहतायत. १४ ऑगस्ट २०२५ ला पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या. एकशेसाठ फुटांच्या खोलीतल्या माणसाला पाचशे फूट मिळतायत, ते हक्काचं आहे, लढून मिळालंय. नाक मुरडणारे मुरडू देत. पण चाव्या घेताना विचारा: लिफ्ट दहा वर्षांनी कोण चालवणार? झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारती बघितल्यात ना? एक लिफ्ट बंद, दुसरी आजारी. म्हातारी माणसं सातव्या मजल्यावर तुरुंगात बसल्यासारखी बसलीत. खाली येतात ती चौघांच्या खांद्यावर. आणि जुनं पाडताना, कुठल्याही वस्तीत, छज्जाचे पत्रे, पावसाळी पाईप, पोटमाळ्याचे पडदे कशाचे आहेत हे पाडण्याआधी तपासलं का, हे विचारा. ठेकेदार हसेल. हसू द्या. दुसऱ्यांदा विचारलं की हसत नाही.

फ्रान्सचं क्लेमांसो नावाचं जुनं लढाऊ जहाज, अ‍ॅस्बेस्टॉस भरलेलं, तोडायला आपल्या अलंगला पाठवलं होतं. आरडाओरडा झाला, कोर्टकचेरी झाली, आणि २००६ साली फ्रान्सच्या अध्यक्षाला ते अर्ध्या वाटेवरून परत बोलवावं लागलं. शेवटी ते इंग्लंडात तुटलं, तिथल्या नियमाने. अख्खं जहाज परत जातं, तर पाच फुटांचा रॅम्प फोडून अठरा फुटांचा करून घ्यायला काय हरकत आहे?

तर आता कामाचं. घरात धड पत्रा असेल तर घाबरून उतरवू नका. न फुटलेला, न घासलेला पत्रा फारसा धागा सोडत नाही. त्याला भोक पाडू नका, तारेच्या ब्रशने घासू नका, ग्राइंडर तर लावूच नका. शाळेतून आणलेले तुकडे फोडून बारीक करू नका. पाणी मारून भिजवा, प्लास्टिकमध्ये गुंडाळून एका जागी ठेवा. ते आपण वॉर्ड ऑफिसच्या नावाने पोच घेऊनच परत करणार आहोत. कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा, फडकं फेकून द्या. तोंडाला बांधलेल्या रुमालाने ही धूळ अडत नाही.

आणि नाक्यावरच्या त्या सहा जणांशी मी बोललो. त्यांना काम थांबायला नकोय, मजुरी बुडते. बरोबर आहे त्यांचं. म्हणून अर्जात पहिली ओळ त्यांची घातलीय. काम थांबेल त्या दिवसांची मजुरी ठेकेदाराने द्यावी, सहाही जणांची नावं आणि काम केल्याचे दिवस लेखी द्यावेत, छातीचा एक्स-रे आणि श्वासाची तपासणी करून कागद त्यांच्या हातात द्यावा. तो कागद त्यांना तीस वर्षांनी लागेल. त्याखाली बाकीचं: राहिलेल्या पत्र्यांचा नमुना प्रयोगशाळेत जाईपर्यंत घण बंद, तोवर वर्ग समाजमंदिरात, रॅम्प मापाप्रमाणे, आणि ४४ व्या कलमाप्रमाणे पुरी झाल्याचा दाखला तोवर द्यायचा नाही. माहितीच्या अधिकारात मंजूर नकाशाची नक्कलही मागितलीय.

अर्जाचे कागद इथे टेबलावर आहेत. अंगठा चालेल. सोमवारी मला दुसरी पाळी आहे, म्हणजे सकाळ मोकळी. अकराला वॉर्ड ऑफिसच्या दाराशी जमायचं. तिथेही तीन पायऱ्या आहेत, रॅम्प नाही. त्या पोरीला आणि तिच्या आजीला आपण सोबत नेतोय. कुणी तिला उचलायचं नाही. साहेबाने खाली यायचं.